कापणाऱ्यांना कोण आवरतं?

कोपनहेगनमधली कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा १८७५ साली एका बिअर कारखानदाराने काढली. बिअरमागचं शास्त्र कळावं, हा त्याचा हेतू होता. पण पुढे तिथे बिअरपेक्षा प्रथिनांवरच जास्त काम झालं. १९४७ च्या सुमारास लिंडरस्ट्रॉम-लांग आणि मार्टिन ओटेसेन हे दोघे तिथे अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या ओव्हल्ब्युमिन या प्रथिनाचा अभ्यास करत होते. शुद्ध ओव्हल्ब्युमिनचे स्फटिक बारीक, लांबट, टोकदार येतात. एका ठेवलेल्या द्रावणातून मात्र चपटे, पातळ स्फटिक पडले. द्रावण नासलं होतं. त्यात एक जिवाणू वाढला होता. दुसऱ्या कोणी नाक मुरडून ते ओतून दिलं असतं. या दोघांनी तो जिवाणू नेमकं काय करतो, याचा माग काढला. त्या जिवाणूने द्रावणात एक पदार्थ सोडला होता, आणि त्या पदार्थाने ३८५ अमिनो आम्लांच्या लांबलचक ओव्हल्ब्युमिनमधून फक्त सहा अमिनो आम्लांचा एक तुकडा कापून काढला होता. सहाच गेली, पण तेवढ्याने स्फटिकाचा आकार बदलला.

हा पदार्थ म्हणजे सबटिलिसिन. प्रथिनं कापणारं विकर, म्हणजे एन्झाइम. शास्त्रज्ञ या जातीच्या विकरांना प्रोटिएज म्हणतात. आज कपड्यांच्या पावडरीत, चीजच्या कारखान्यात, औषधाच्या गोळीत आणि चामड्याच्या कुंडात जी प्रोटिएज विकरं वापरली जातात, त्यांतली बहुतेक जिवाणूंकडून किंवा बुरशींकडून मिळवलेली आहेत. ती कापतात कशी, हे सांगणाऱ्या पुस्तकांची वाण नाही. त्यांना कापण्यापासून थोपवतं कोण, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो, आणि खरी गंमत तिथेच आहे. कारण हे विकर स्वतःच प्रथिन असतं, आणि ते ज्या पेशीत तयार होतं, ती पेशीही मुख्यतः प्रथिनांवरच चालते.

आधी कापण्याचं काम किती अवघड आहे, ते पाहू. अमिनो आम्लं एकमेकांना पेप्टाइड बंधाने जोडलेली असतात. असा बंध साध्या पाण्यात, २५ अंश सेल्सियसला, कोणाच्याही मदतीशिवाय तुटायचा तर निम्मे बंध तुटायला काही शतकं लागतात. म्हणूनच आपण पावसात भिजलो तरी विरघळत नाही. जिवाणूला मात्र इतकी वाट पाहता येत नाही. त्याला तोंड नाही, पोट नाही. प्रथिनाचा अख्खा रेणू त्याच्या आवरणातून आत शिरत नाही. तेव्हा पचन बाहेरच उरकायचं आणि सुटलेले बारके तुकडे आत ओढून घ्यायचे, एवढाच मार्ग त्याच्यापुढे असतो.

हे पचन डोळ्यांनी पाहता येतं, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्याने ते पाहिलेलं असतं. चिमूटभर माती पाण्यात कालवायची आणि ते पाणी ८० अंशांवर दहा मिनिटं धरायचं. बहुतेक जिवाणू मरतात. ज्यांनी जाड कवचाचे बीजाणू करून ठेवले आहेत, ते बॅसिलससारखे चिवट जिवाणू तेवढे उरतात. मग साय काढलेलं दूध घालून गोठवलेल्या अगारच्या थाळीवर त्या पाण्याचा थेंब पसरायचा आणि रात्रभर उबवणीत ठेवायचं. थाळी दुधामुळे पांढरी, अपारदर्शक असते. सकाळी तिच्यावर जिवाणूंच्या मळकट वसाहती उगवलेल्या दिसतात आणि काहींच्या भोवती काचेसारखं स्वच्छ वर्तुळ पडलेलं असतं. तिथलं केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, कापून खाल्लं गेलेलं असतं. वर्तुळ जेवढं रुंद, तेवढं विकर जास्त. मोजपट्टी लावून ते मोजतात. जगभरातल्या कित्येक औद्योगिक विकरांचा शोध अशाच एखाद्या थाळीवर सुरू झालेला आहे.

त्या वर्तुळात जे काम चालतं, त्याचं चित्र १९६९ मध्ये स्पष्ट झालं. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला जोसेफ क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने सबटिलिसिनची त्रिमितीय रचना उलगडली. २७५ अमिनो आम्लांची साखळी घट्ट घडी घालून गोळा झालेली. पण कापण्याचं काम करणारी त्यांतली मुख्य मंडळी तीनच: ३२ व्या जागेवरचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ६४ व्या जागेवरचं हिस्टिडीन आणि २२१ व्या जागेवरचं सेरीन. साखळीत ती एकमेकांपासून लांब आहेत, पण घडी अशी पडते की तिन्ही शेजारी येऊन बसतात. काम सेरीनचा ऑक्सिजन करतो. हिस्टिडीन त्याच्याकडचा हायड्रोजन ओढून घेतं आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल हिस्टिडीनला सांभाळून धरतं. उघडा पडलेला ऑक्सिजन समोरच्या पेप्टाइड बंधातल्या कार्बनवर तुटून पडतो. बंध तुटतो, साखळीचा एक भाग निघून जातो आणि दुसरा काही क्षण सेरीनलाच चिकटून राहतो. मग पाण्याचा एक रेणू येऊन त्याला सोडवतो आणि विकर पुढच्या बंधाला मोकळं होतं.

हेच त्रिकूट दोन वर्षं आधी भलत्याच ठिकाणी दिसलं होतं. केंब्रिजच्या डेव्हिड ब्लो यांनी १९६७ मध्ये गाईच्या स्वादुपिंडातल्या कायमोट्रिप्सिनची रचना मांडली होती. त्यातही सेरीन, हिस्टिडीन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल, आणि मांडणीही तीच. पण बाकीचा रेणू पूर्णपणे वेगळा: घडी वेगळी, साखळीतला तिघांचा क्रमही वेगळा. म्हणजे एकाने दुसऱ्याकडून उचललं, असं म्हणायला जागा नाही. मातीतला जिवाणू आणि गाय, दोघांचे वंश वेगवेगळ्या वाटांनी एकाच उत्तराला पोहोचले. उत्क्रांतीच्या पुस्तकांत अशा गोष्टीसाठी वटवाघूळ आणि पक्ष्याच्या पंखांचं उदाहरण देतात. रेणूंच्या पातळीवरचं हे उदाहरण त्याहून जास्त पटणारं आहे. इथे अणूंच्या जागासुद्धा जुळतात.

या तिघांची किंमत किती, ते पॉल कार्टर आणि जेम्स वेल्स यांनी १९८८ मध्ये मोजलं. जनुकात फेरफार करून त्यांनी सबटिलिसिनमधली तिन्ही अमिनो आम्लं काढली आणि त्या जागी निरुपयोगी अ‍ॅलानीन बसवलं. वेग सुमारे वीस लाख पटींनी घसरला. तरीही उरलेला रेणू साध्या पाण्यापेक्षा हजारेक पट जलद कापत होता! त्रिकूट नसतानाही विकराची बाकी घडी साखळीला योग्य कोनात पकडते आणि तुटण्याच्या क्षणी तिला आधार देते. कौतुक होतं ते तिघांचं. बाकीचे दोनशे बहात्तर जण मागे उभे असतात.

आता अडचणीकडे येऊ. इतकं धारदार पातं जिवाणू स्वतःच्या पेशीत तयार करतो. मग ते त्यालाच का कापत नाही?

सबटिलिसिनच्या बाबतीत याचं उत्तर मासायोरी इनोये यांच्या गटाने १९८७ पासूनच्या प्रयोगांतून शोधून काढलं. जिवाणू हे विकर तयार करतो, तेव्हा त्याच्या पुढच्या टोकाला ७७ अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा जोडलेला असतो. हा तुकडा काढून टाकून विकर बनवलं, तर साखळी तयार होते, पण तिला घडीच पडत नाही; नुसती बोथट साखळी. त्या बोथट साखळीला तोच तुकडा वेगळा आणून दिला, तरी घडी पडते. म्हणजे हा तुकडा विकराला आकार देतो. आणि मजा अशी की सगळं पेशीच्या बाहेर घडतं. साखळी पेशीच्या पटलातून सुटी, न घडलेल्या अवस्थेत बाहेर ढकलली जाते. म्हणजे आत असताना तिला धारच नसते. बाहेर आल्यावर तो तुकडा तिला घडी घालतो. घडी पडताच विकर जागं होतं आणि पहिला घाव त्या तुकड्यावरच घालून त्याला स्वतःपासून तोडतं. तुटलेला तुकडा काही वेळ पात्यावर म्यानासारखा बसून राहतो आणि काम होऊ देत नाही. शेवटी तोही कापला जातो. तेव्हा कुठे विकर पूर्णपणे मोकळं होतं.

त्यातही जिवाणू हा कारभार भलत्या वेळी काढत नाही. भरपूर अन्न असताना तो साधी साखर आणि अमिनो आम्लं खातो आणि वाढतो. प्रोटिएज बाहेर पडतं ते वाढ थंडावल्यावर, अन्न संपत आलं की. प्रयोगशाळांचा लाडका बॅसिलस सबटिलिस तर अशी आठ वेगवेगळी प्रोटिएज बाहेर सोडतो. जैवतंत्रज्ञांची याने मोठी पंचाईत केली. या जिवाणूकडून एखादं मौल्यवान प्रथिन बनवून घ्यावं, तर तो ते बनवतो आणि बाहेर सोडल्यावर स्वतःच खाऊन टाकतो. शेवटी आठही जनुकं बाद केलेला एक वाण तयार करावा लागला. तो आता प्रयोगशाळांत सर्रास वापरला जातो.

सेरीनवालं हे घराणं एकमेव नाही. पपईतलं पपेन ज्या गटात मोडतं, तिथे सेरीनच्या जागी सिस्टीन असतं. हिरड्यांना सूज आणणाऱ्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जिवाणूची विकरं त्याच गटातली. बुरशींच्या काही विकरांत दोन अ‍ॅस्पार्टिक आम्लं मिळून पाण्याच्या रेणूलाच कामाला लावतात. आणि चौथा गट धातूचा. थर्मोलायसिन या उष्णताप्रेमी जिवाणूच्या विकरात जस्ताचा एक अणू दोन हिस्टिडीन आणि एका ग्लुटामिक आम्लाने धरून ठेवलेला असतो, आणि कॅल्शियमचे चार अणू रेणूला बाहेरून बांधून ठेवतात. पाणी चांगलं कढत असतानाही ते काम करतं. कॅल्शियम काढून घेतलं की मात्र ढिलं पडतं.

या जस्ताच्या घराण्याचं सगळ्यात भयंकर अपत्य म्हणजे धनुर्वाताचं विष.

गंजका खिळा लागला की दंडात सुई मिळते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. पण क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी या जिवाणूचं विष हे एक प्रोटिएज आहे, हे १९९२ मध्येच कळलं. इटलीतल्या पाडोव्हाच्या जाम्पिएत्रो स्किआव्हो, चेझारे मॉन्टेकुको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवलं. मज्जापेशी एकमेकींना निरोप देतात त्या बारीक पिशव्यांतून रसायनं सोडून. पिशवी पटलाला चिकटून रिकामी व्हायला सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रथिन लागतं. धनुर्वाताचं विष या प्रथिनातला एकच बंध तोडतं, ७६ व्या आणि ७७ व्या अमिनो आम्लांमधला. डब्यातल्या नासलेल्या अन्नातून विषबाधा करणाऱ्या बॉट्युलिनमच्या बी प्रकारचं विषसुद्धा नेमका तोच बंध तोडतं. पण परिणाम अगदी उलटे. धनुर्वाताचं विष मज्जारज्जूपर्यंत चढतं आणि स्नायूंना सैल सोडणारे निरोप बंद पाडतं. स्नायू ताठतात, पाठ कमानीसारखी वाकते. बॉट्युलिनमचं विष स्नायूच्या दारातच थांबतं आणि आवळण्याचे निरोप बंद करतं. स्नायू लुळे पडतात. पातं एक, बंध एक. फरक फक्त कुठल्या पेशीत शिरलं याचा.

आणि इथेही आवर घातलेला आहे. विष जिवाणूतून निघतं तेव्हा एकाच साखळीचं असतं. नंतर त्या साखळीचे दोन भाग होतात, पण ते गंधकाच्या एका पुलाने जोडलेले राहतात. मोठा भाग मज्जापेशीला चिकटतो आणि छोट्याला आत पोहोचवतो. पेशीच्या आत हा पूल तुटतो आणि छोटा भाग, म्हणजे जस्तवालं पातं, सुटतं. सबटिलिसिन मिळेल ते कापत सुटतं; हे विष हजारो प्रथिनांमधून एकच शोधतं आणि त्यातला एकच बंध कापतं. अधाशीपणा आणि नेमकेपणा, दोन्ही टोकं एकाच कामात.

बाहेर सोडायच्या विकरांना असा आवर घालता येतो. पण पेशीच्या आतही जुनी, बिघडलेली, चुकून बनलेली प्रथिनं कापावी लागतात. तिथे काय करायचं? तिथे जिवाणूने पात्याला भिंतींमागे कोंडून ठेवलं आहे. क्लप-पी या विकराचे चौदा घटक सात-सातच्या दोन कड्यांत बसतात आणि मधे पोकळी तयार होते. सगळी पाती त्या पोकळीच्या आतल्या अंगाला. आत जायचं भोक इतकं अरुंद, की घडी घातलेलं प्रथिन त्यातून जातच नाही. दारावर क्लप-एक्स नावाचं दुसरं सहा घटकांचं कडं बसलेलं असतं. ते एटीपीची ऊर्जा खर्च करून प्रथिनाची घडी उलगडतं आणि साखळी ओढून आत घालतं. कोणाला ओढायचं, हे खुणेवरून ठरतं. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमवर एखादं प्रथिन अर्ध्यात अडकलं, तर जिवाणू त्याच्या शेपटीला अकरा अमिनो आम्लांची एक खूण जोडतो. ही खूण असलेलं प्रथिन थेट या पोकळीत जातं. रॉबर्ट सॉअर यांच्या गटाने १९९६ मध्ये ही पद्धत उलगडली.

ही भिंत किती मोलाची आहे, हे २००५ मध्ये बायरच्या जर्मन शास्त्रज्ञांनी एका प्रतिजैविकाच्या अभ्यासातून दाखवलं. हे औषध क्लप-पीला चिकटतं, दार उघडं ठेवतं आणि दारवानाची गरज संपवतं. मग विकर खुणेची वाट न पाहता पेशीतली सुटी, नव्याने बनणारी प्रथिनं ओढून कापायला लागतं. विभाजनासाठी लागणारं प्रथिनही सुटत नाही. जिवाणू स्वतःच्याच हत्याराने मरतो. प्रतिजैविकं बहुधा जिवाणूचं काहीतरी बंद पाडतात. हे औषध चालू असलेल्यालाच मोकाट सोडतं. क्षयाच्या जंतूला तर या विकराशिवाय वाढताच येत नाही. भारतासारख्या देशात म्हणूनच या छोट्या पोकळीकडे औषधशास्त्रज्ञांचं लक्ष लागून राहिलं आहे.

माणसाने हीच पाती उसनी घेतली तेव्हा आवरण्याचे सगळे प्रश्न त्याच्याही वाट्याला आले. पहिला प्रयत्न जर्मनीतल्या ऑटो रोम यांचा. चामडं मऊ करण्यासाठी कमवणारे लोक तेव्हा कुत्र्याची विष्ठा आणि कबुतरांची शीट वापरत. त्यातली प्रथिनं कापणारी विकरं हे काम करतात, हे ओळखून रोम यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातलं विकर त्यांच्या जागी आणलं. १९१३ मध्ये त्यांनी तेच कपडे धुण्यासाठी वापरण्याचं पेटंट घेतलं. बुर्नुस नावाची ती पावडर बाजारात आली, पण स्वादुपिंडाचं विकर साबणाच्या तिखट पाण्यात फारसं टिकेना. खरा बदल १९६० च्या दशकात झाला, डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने बॅसिलसचं विकर बाजारात आणलं तेव्हा. मातीतल्या या जिवाणूचं विकर अल्कधर्मी पाण्यात निवांत काम करत होतं. रक्त, दूध, अंडं, घाम, कॉलरवरचा मळ, सगळ्यांवर त्याची मात्रा चालते. आमटीच्या हळदीवर मात्र नाही. हळदीचा डाग प्रथिनाचा नसतो, तिथे कितीही महागडी पावडर ओतली तरी ऊनच बरं.

मग पातं उलटलं. विकराची कोरडी भुकटी कारखान्यात हवेत उडे आणि कामगारांच्या फुप्फुसात जाई. १९६९ मध्ये मायकेल फ्लिंट या ब्रिटिश डॉक्टरांनी पावडरीच्या कारखान्यातल्या कामगारांच्या दम्यासारख्या आजाराबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. गवगवा झाला आणि अमेरिकेत विकर घातलेल्या पावडरींचा खप कोसळला. कारखानदारांनी उपाय काढला तो साधा: विकराचे दाणे बनवायचे आणि त्यांच्यावर मेणाचा थर द्यायचा. पाण्यात पडेपर्यंत ते बंदच राहतात. जिवाणूने ७७ अमिनो आम्लांनी केलं ते कारखान्याने मेणाने केलं.

दुसरी अडचण ब्लीचची. सबटिलिसिनमधल्या कापणाऱ्या सेरीनच्या अगदी शेजारी, २२२ व्या जागेवर, मेथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ब्लीचचा ऑक्सिजन त्याला चिकटला की विकर थंडावतं. १९८५ मध्ये अमेरिकेत जेनेंटेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या एकाच जागी बाकीची एकोणीसही अमिनो आम्लं आळीपाळीने बसवून पाहिली. अ‍ॅलानीन, सेरीन आणि ल्युसीन बसवलेली विकरं हायड्रोजन पेरॉक्साइडच्या तीव्र द्रावणातही टिकली. प्रथिनाचा एक-एक भाग जाणूनबुजून बदलण्याची, म्हणजे प्रथिन-अभियांत्रिकीची ही सुरुवातीची मोठी उदाहरणं. पुढे फ्रान्सिस आर्नल्ड यांनी जाणूनबुजून बदलण्याचाही नाद सोडला. १९९३ मध्ये त्यांनी सबटिलिसिनच्या जनुकात यादृच्छिक बदल केले, त्यांतली चांगली निवडली, पुन्हा बदल केले, आणि असं करत करत सेंद्रिय द्रावकात २५६ पट जोमाने काम करणारं विकर मिळवलं. २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून त्यांना मिळालं ते याच पद्धतीबद्दल.

क्षारप्रेमी विकरांच्या शोधात पुण्याचे शास्त्रज्ञ बुलढाण्याला गेले हे ओघानेच आलं. लोणारच्या विवरातल्या सरोवराचं पाणी सोड्यासारखं अल्कधर्मी आहे, सामू दहाच्या आसपास. धुण्याच्या पाण्याचा सामूही साधारण तेवढाच असतो. आघारकर संशोधन संस्थेच्या गटाने तिथल्या जिवाणूंपैकी एका आर्थ्रोबॅक्टर आणि एका बॅसिलस जातीची अल्कधर्मी प्रोटिएज अभ्यासली आणि २००२ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. त्याच संस्थेने पुढे म्हशीच्या कातड्यावरचे केस चुना-सल्फाइडऐवजी जिवाणूच्या विकराने काढण्यावरही काम केलं. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कोनिडिओबोलस या बुरशीचं विकर कपड्यांच्या पावडरींबरोबर टिकतं का, याची तपासणी चालली होती. तिथल्या माला राव, अपर्णा टंकसाळे, मोहिनी घाटगे आणि वासंती देशपांडे यांनी १९९८ मध्ये सूक्ष्मजीवांच्या प्रोटिएजवर लिहिलेला आढावा जगभरातले संशोधक आजही संदर्भ म्हणून देतात. त्या काळी जगात विकल्या जाणाऱ्या सगळ्या विकरांपैकी सुमारे ६० टक्के वाटा प्रोटिएजचा होता, असं त्यात म्हटलं आहे.

चीजच्या कारखान्यात तर ब्लीचपुढे हार खाणाऱ्या मेथिओनिनचा उलटा उपयोग करून घेतला गेला. दूध फाडायला पूर्वी वासराच्या पोटातलं रेनेट लागे. ते दुधातल्या कॅपा-केसीनचा १०५ आणि १०६ या अमिनो आम्लांमधला एकच बंध तोडतं, आणि दूध घट्ट होतं. १९६० च्या दशकात जपानमध्ये म्युकर बुरशीचं असंच काम करणारं विकर सापडलं. भारतात चीजच्या पाकिटावर शाकाहाराची हिरवी खूण दिसते ती या बुरशीच्या किंवा जनुक-बदल केलेल्या सूक्ष्मजीवांच्या विकराच्या जोरावर. पण बुरशीचं विकर वाजवीपेक्षा जास्त चिवट निघालं. चीज झाल्यावर उरलेल्या निवळीत ते गरम करूनही जिवंत राहायचं आणि निवळी ज्या पदार्थात वापरावी त्याची वाट लावायचं. म्हणून कारखान्यांनी त्याच्या मेथिओनिनांचं मुद्दाम ऑक्सिडीकरण केलं. विकर ऊबेला नाजूक झालं आणि काम संपल्यावर मरायला लागलं. एका कारखान्यात मेथिओनिनला ऑक्सिजनपासून वाचवण्यासाठी धडपड, दुसऱ्यात त्याला ऑक्सिजन पाजायची धडपड.

दुधात चिवट विकर नको तिथे असलं की काय होतं, हे बंद डब्यातलं दूध दोन-तीन महिन्यांनी उघडल्यावर कधी कधी कळतं. दूध कडू लागतं, तळाशी जेलीसारखं जमतं, तारीख मात्र उलटलेली नसते. दूध संकलन केंद्रात ते थंड ठेवलेलं असताना स्यूडोमोनाससारखे थंडीत वाढणारे जिवाणू त्यात एक जस्तवालं प्रोटिएज सोडून जातात. १३५ ते १४० अंशांवर काही सेकंद तापवल्यावर जिवाणू मरतात, पण या विकराचा काही अंश उरतो आणि महिनोन्‌महिने केसीन कापत बसतो. केसीनचे काही तुकडे कडू असतात. तापवणं वाढवलं तर दुधाची चव जाते. त्यामुळे खरा उपाय गोठ्यातल्या स्वच्छतेचाच आणि दूध लवकर कारखान्यात पोहोचवण्याचा.

आता भारतातल्या औषधांच्या दुकानांत सहज सापडणाऱ्या सेराशिओपेप्टिडेजबद्दल. १९६० च्या दशकाअखेरीस जपानी संशोधकांनी रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या सेराशिया जिवाणूत हे जस्तवालं विकर पाहिलं. पतंग याच विकराने कोश फोडतो, ही जाहिरातीतली कथा ऐकायला छान; पण कोश मऊ करणारं विकर पतंग स्वतः बनवतो, जिवाणूकडून घेत नाही. ताकेडा कंपनीने सूज उतरवण्यासाठी त्याची गोळी बाजारात आणली. गोळीला आम्लात न विरघळणारं आवरण असतं, कारण जठरात हे विकर नष्ट झालं असतं. पण जठर ओलांडल्यावर प्रश्न संपत नाही. साडेचारशेहून अधिक अमिनो आम्लांचा रेणू आतड्याच्या भिंतीतून अख्खा रक्तात जायला फारशी वाट नसते. आणि गेलाच तर रक्तात अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन हजर असतं: भटक्या प्रोटिएजला गुंडाळून निकामी करणारं, खुद्द माणसाच्या शरीराचं प्रथिन. जपानमध्ये पुन्हा घेतलेल्या चाचण्यांत ही गोळी आणि औषध नसलेली गोळी यांत फरक दिसला नाही, आणि २०११ मध्ये ताकेडाने आपण होऊन ती मागे घेतली. भारतात दाढ काढल्यावर, पाय मुरगळल्यावर किंवा टाके घातल्यावर अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलच्या जोडीने ती अजून लिहून दिली जाते, आणि दोन-तीन दिवसांत सूज उतरते, जशी ती बहुधा उतरतेच.